फुकट जागेवरची पाने

वैयक्तिक वेबसाइटला फुकट जागा देण्याची रीत जगभर रुजवली ती जिओसिटीजने. डेव्हिड बोनेट आणि जॉन रेझनर यांनी १९९४ मध्ये अमेरिकेत ही सेवा सुरू केली. तिथे विषयवार वसाहती पाडलेल्या असत आणि प्रत्येक सदस्याला घरक्रमांक मिळे. पाठोपाठ ट्रायपॉड आणि एंजलफायर आले. खर्च मुख्यतः जाहिरातींवर भागवला जाई. भारतात व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वांसाठी खुले केले. बारामती-इंदापूरकडच्या मुलांना ते पुढे सायबर कॅफेत भेटले.

अशाच एका फुकट सेवेवर प्रस्तुत लेखकाने पळसदेवची पाने मांडली होती. इंदापूर तालुक्यातले हे जुने गाव उजनी धरणात गेले. पाणी फार खाली गेले की पळसनाथाचे देऊळ उघडे पडते. त्याची छायाचित्रे आणि धरणग्रस्तांच्या आठवणी तिथे होत्या. सेवा बंद होण्याची सूचना जुन्या ईमेलवर गेली. तो पत्ताही तोवर बंद पडला होता. देऊळ आजही अधूनमधून दिसते. ती पाने पुन्हा दिसली नाहीत.

याहूने १९९९ मध्ये जिओसिटीज साडेतीन अब्ज डॉलरच्या आसपास किंमत देऊन घेतली. त्याच वर्षी सदस्यांच्या मजकुरावर हक्क सांगणारी अट आली आणि विरोध झाल्यावर ती मागे घ्यावी लागली. २६ ऑक्टोबर २००९ ला सेवा संपली. जेसन स्कॉट यांच्या आर्काइव्ह टीमने त्याआधी बरीच पाने उतरवून घेतली, हे त्या स्वयंसेवकांचे मोठे उपकार.

मराठी पानांचे दुखणे आणखी खोल आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मजकूर शिवाजी किंवा किरणसारख्या फाँटमध्ये लिहिला जाई. संगणकात साठे ती रोमन अक्षरे, देवनागरी फक्त दिसायला. त्यामुळे वाचलेले पानही तो फाँट नसेल तर निरर्थक दिसते. परिवर्तक वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो. जोडाक्षरे आणि रफार मात्र डोळ्यांनी तपासावे लागतात.

पाने अशी हरवू नयेत म्हणून मूळ फाइली स्वतःकडे, दोन वेगळ्या ठिकाणी असाव्यात. डोमेन स्वतःच्या नावावर घ्यावे. २०१४ पासून ‘.भारत’ही मिळते. प्रत्येक पान वेबॅक मशीन या वेबपानांच्या संग्रहात नोंदवावे. ज्यांच्या घरी जुन्या सीडीवर गावाची, यात्रेची, बुडालेल्या वाड्यांची छायाचित्रे असतील, त्यांनी ती याच आठवड्यात उतरवून घ्यावीत आणि एक प्रत गावच्या वाचनालयात द्यावी.