टूर बुक करण्याआधी चेहऱ्याचं ठरवा

युरोपला निघणाऱ्यांना आम्ही टूरवाले थर्मल किती घ्यायचे, लोणचं कशात बांधायचं इथवर सगळं बजावतो. चेहरा झाकण्यावरची बंदी मात्र माहितीपत्रकात क्वचितच असते. फ्रान्स आणि बेल्जियममध्ये ती २०११ पासून आहे, ऑस्ट्रियात २०१७ पासून, स्वित्झर्लंडमध्ये १ जानेवारी २०२५ पासून.

व्हिएन्नात आमच्या ग्रुपमध्ये रत्नागिरीकडच्या एक चाची होत्या, नकाब लावणाऱ्या. कॅथेड्रलसमोरच्या चौकात पोलिसाने अडवलं. अगदी अदबीने, पण अडवलं. चाचींनी नकाब वर केला, पासपोर्ट दाखवला आणि काम झालं असं समजून नकाब पुन्हा खाली सोडला. तिथेच बिनसलं. नुसती ओळख पटवून भागत नाही, बाहेर असेपर्यंत चेहरा उघडाच हवा. नाहीतर दीडशे युरोपर्यंत दंड. चाचा तापले, सून रडकुंडीला आली. आणि मागेच आमची पुण्याची एक मुलगी, उन्हासाठी स्कार्फ डोळ्यांपर्यंत आवळून, वर गॉगल लावून उभी! तिच्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. कायद्यात धर्माचं नाव नाही, म्हणजे नियमाने तीही त्यात आलीच. (सुरुवातीला तिथे शार्कचा वेश घातलेल्या एका जाहिरातवाल्यालाही दंड झाला होता.)

चाची पुढे बसमधून फारशा उतरल्याच नाहीत. नकाबाची सक्ती करणाऱ्याला फ्रान्समध्ये वर्षभर कैद होऊ शकते, ते कलम मला पटतं. पण स्वतःच्या मर्जीने लावणारी बाई काचेआडून शहर बघते, हे गळी उतरत नाही. युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने २०१४ मध्ये फ्रान्सची बंदी ग्राह्य धरली, तरीही.

पण माझ्या मताने दंड टळत नाही. तेव्हा बुकिंगलाच प्रत्येक देशाचा नियम लिहून मागा. डोक्यावरचा हिजाब या बंदीत येत नाही. मास्क लावू म्हणाल, तर तब्येतीचं खरं कारण हवं. नेदरलँड्समध्ये रस्त्यावर मुभा आहे. बस, ट्रेन, शाळा, इस्पितळ आणि सरकारी कचेरीत नाही. स्वित्झर्लंडमध्ये जागेवर शंभर फ्रँक भरून सुटता येतं, नकार दिलात तर प्रकरण हजारापर्यंत जातं. आणि हो, घरातल्या पुरुषांनी परस्पर ठरवू नये, जिचा चेहरा तिलाच विचारा. ती नको म्हणाली तर इंग्लंड, तुर्कस्तान, दुबई आहेच. ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणून पैसे भरू नका; व्हिसाची फी परत मिळत नाही.