गोळी चालू राहू द्या

पक्षाघाताच्या रुग्णांना पुन्हा उभं करणं, चालवणं हे फिजिओथेरपिस्ट म्हणून माझं आयुष्यभराचं काम. त्यातून पक्कं झालेलं थोडं सांगते.

१. "काल रात्रीपर्यंत ठणठणीत होते हो!" हे जवळजवळ प्रत्येक घरात ऐकलं. पण इजा आदल्या रात्रीची नसते. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम २ टक्के, तरी हृदयातून निघणाऱ्या रक्तातलं १५ ते २० टक्के त्याला लागतं. मेंदूच्या खोल भागाला रक्त देणाऱ्या बारीक वाहिन्या मोठ्या धमनीतून थेट काटकोनात फुटतात, त्यामुळे मोठ्या धमनीतला दाब त्यांना फारसा न ओसरता सोसावा लागतो. वर्षानुवर्षं बीपी चढलेलं राहिलं की त्यांच्या भिंती जाड, कडक होतात. मग एखादी वाहिनी बुजते, एखादी फुटते. तोवर दुखत काहीच नाही.

२. हात-पाय जाण्याआधी कधीकधी चाल बदलते. बँकेतून निवृत्त झालेले एक कॅशियर गुडघ्यांसाठी म्हणून माझ्याकडे आले. गुडघे चांगले होते. पावलं मात्र आखूड पडत होती, वळताना तोल जात होता, आणि जन्मभर नोटा मोजलेला माणूस साध्या हिशेबाला अडखळत होता. घरचे म्हणत, "वय झालं आता." बीपी मोजलं तर १७०च्या वर. एमआरआयमध्ये बुजलेल्या वाहिन्यांच्या जागी छोटे ठिपके आणि आजूबाजूला पांढरे चट्टे निघाले. लकवा एकदाही झाला नव्हता! म्हातारपण म्हणून सोडून दिलेलं असं मंदावणं पाहिलं की मला अजून वाईट वाटतं.

३. "बीपी नॉर्मल आलं, म्हणून गोळी बंद केली." दुसरा झटका येऊन आलेल्या कितीतरी जणांच्या तोंडून हे ऐकलं. अहो, नॉर्मल आलं ते गोळीमुळे. ती सोडली की दाब पुन्हा चढतो, आणि चढल्याचं जाणवतही नाही. गोळी परवडत नसेल, पाय सुजत असतील, खोकला येत असेल, तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा, गोळी बदलून मिळते. अमेरिकेत पन्नाशीपुढच्या ९,०००हून अधिक लोकांवर झालेल्या स्प्रिंट अभ्यासाचे स्मरणशक्तीविषयीचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. वरचा आकडा १४०ऐवजी १२०च्या खाली आणण्याचं उद्दिष्ट ज्यांच्यासाठी ठेवलं होतं, त्यांच्यात स्मरण आणि विचारशक्तीची सौम्य घट कमी आढळली. त्यात मधुमेही आणि आधी झटका येऊन गेलेले लोक नव्हते, म्हणून आपला आकडा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावा.

४. सुटलेल्या पोटाला आपल्याकडे अजून खात्यापित्या घराची खूण मानतात. पोटातली चरबी नुसती साठून राहत नाही. तिच्यामुळे मूत्रपिंडं मीठ धरून ठेवतात, रक्तवाहिन्या आवळणाऱ्या नसा जास्त काम करतात, इन्सुलिनचा परिणाम घटतो, आणि बीपी चढतं. वजन जास्त असलेल्यांत झोपेत घोरता घोरता श्वास अडकणंही जास्त दिसतं. दर वेळी ऑक्सिजन उतरतो, बीपी उसळतं, आणि हे रात्रभर चालतं. नवरा फार घोरतो ही तक्रार बायकोने डॉक्टरांकडे जरूर करावी. कंबर पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी. वजनकाट्याइतकीच टेपही वापरा.

५. दिवसाला मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं मिळून एक छोटा चमचा. पापड, लोणचं, फरसाण त्यातच आलं. ताटात डाव्या बाजूला वरून मीठ वाढणं आधी बंद करा.

६. तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोबडी वळली, तर बीपी चढलेलं दिसलं तरी घरच्या घरी जादा गोळी देऊ नका. वाहिनी बुजलेली असताना दाब एकदम उतरला, तर मेंदूला मिळणारं रक्त आणखी घटतं. घशाखाली घास उतरत नसेल, म्हणून पाणीसुद्धा पाजू नका. सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला होता, ती वेळ कागदावर लिहून सोबत न्या. तिथे पहिल्यांदा तेच विचारतात.