पॉइंट वाटण्याआधी

भाच्या, नवा कॅरेक्टर बनवायला बसलास की पहिली घाई पॉइंट वाटण्याची होते. जरा दम धर. सगळ्या स्टॅटना थोडं थोडं देऊन कुणालाच नाराज न करणारा हिरो पुढे कुठल्याच कामाचा राहत नाही. आधी ठरव, हा गडी करणार काय? गोड बोलून काम काढणार, कुलपं उघडणार, की तलवार चालवणार? मग त्या स्किलच्या पाठीशी कोणता स्टॅट उभा आहे ते शोध.

रिसोडकडच्या काळ्या भारी रानात आणि मुरमाड बरडावर एकच सोयाबीन पेरलं, तर झडती सारखी येते का? स्टॅट म्हणजे रान, स्किल म्हणजे पेरणी.

बाल्डर्स गेट 3 मध्ये हे अगदी उघड दिसतं. समोरच्याला पटवायचं आहे आणि 15 गाठायचे आहेत. करिष्मा 16 असेल तर +3 मिळतात, पर्सुएशनची प्रोफिशियन्सी असेल तर सुरुवातीला आणखी +2. म्हणजे 20 बाजूंच्या फाशावर 10 किंवा जास्त पडलं की झालं. 20 पैकी 11 वेळा काम फत्ते. तीच प्रोफिशियन्सी, पण करिष्मा 8, तर उणे 1 धरून 20 पैकी 7 वेळाच. आता नीट लक्ष दे: प्रोफिशियन्सी लेव्हलबरोबर आपोआप वाढते, नवव्या लेव्हलला +4 होते. स्टॅट मात्र जवळपास जिथल्या तिथे राहतो, त्यासाठी फीट खर्चावी लागते. म्हणून सुरुवातीला पॉइंट मुख्य स्टॅटलाच दे. आणि विषम आकड्यावर थांबू नकोस. 15 चा फायदा 14 इतकाच, वाढ होते ती 16 ला.

प्रत्येक गेमचं गणित वेगळं असतं, ते आधी बघावं. फॉलआउट 2 आला 1998 साली, आपला वाशिम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला त्याच वर्षी. त्यात दर लेव्हलला मिळणारे स्किल पॉइंट म्हणजे 5 अधिक बुद्धीच्या दुप्पट. बुद्धी 3 असेल तर 11, बुद्धी 9 असेल तर 23. इथे बुद्धी एका स्किलला नाही, सगळ्यांनाच पोसते. तिच्यावर कंजुषी करायची नाही.

मॉरोविंडमध्ये एन्ड्युरन्स लवकर वाढव. दर लेव्हलला त्याच्या दहाव्या भागाइतकी हेल्थ मिळते, आणि एन्ड्युरन्स नंतर कितीही वाढवला तरी मागच्या लेव्हलची तूट भरून निघत नाही.

एल्डन रिंगवाल्या पोरांना मी एकच सांगतो, मार खाऊन मरत असाल तर व्हिगर वाढवा. 40 ला 1450 हेल्थ, 60 ला 1900. पुढे 99 पर्यंत नेलं तरी 2100 च. ते 39 पॉइंट दुसरीकडे कामी येतात. तलवार जड पडली तर दोन्ही हातांत धर, ताकद दीडपट मोजली जाते. आणि सुरुवातीला स्ट्रेंग्थ चढवण्यापेक्षा स्मिथिंग स्टोन गोळा करून तलवारच सुधार. सुधारलेल्या तलवारीला स्टॅटचा लाभही जास्त मिळतो.

पॉइंट वाटण्याआधी वेगळा सेव्ह ठेवायचा, जिथे गेम तसं करू देतो तिथे. पावसाळ्यात लाईन कधी जाईल याचा नेम नसतो. बाल्डर्स गेट 3 मध्ये विदर्स 100 सोन्याच्या नाण्यांत पुन्हा पॉइंट वाटू देतो, तिथे मोकळेपणाने प्रयोग कर. एल्डन रिंगमध्ये रेनालाला लार्व्हल टिअर लागते आणि त्या मोजक्याच असतात. फॉलआउट 2 मध्ये ती सोयच नाही. तेव्हा आज रात्री विदर्सकडे जा, करिष्मा 16 करून बघ, मग 8 करून बघ, आणि दोन्ही वेळा त्याच माणसाशी बोल.