दहाव्या दिवशी काय करायचं?

“ताई, कळतं गं सगळं, पण वळत नाही.”

हे ऐकलं की मला आधी तुझी बाजू घ्यावीशी वाटते. तुला आळशी कोण म्हणेल? सकाळी सगळ्यांचे डबे भरायचे, मुलांना शाळेच्या रिक्षात बसवायचं, धावतपळत लोकल गाठायची आणि संध्याकाळी घरात पाऊल टाकल्या टाकल्या कुकर लावायचा, यातलं एकही काम तू आजवर टाकलेलं नाहीस. दुसऱ्यासाठी ठरलेली गोष्ट तू अंगात ताप असला तरी करतेस. मागे पडतं ते फक्त स्वतःसाठी ठरवलेलं. लग्नामुळे अर्धवट राहिलेली पदवी, इंग्रजी बोलायचा सराव, संध्याकाळचं चालणं, कपाटावर धूळ खात पडलेली पेटी. पाडव्याला उत्साहानं सुरुवात होते, नव्याचे नऊ दिवस छान जातात आणि मग दहावा दिवस उजाडतो.

मला तुझ्याशी बोलायचंय ते या दहाव्या दिवसाबद्दल. पहिल्या दिवसाला कुणाची मदत लागत नाही. नवी वही असते, नवं पेन असतं, मनात उमेद असते. दहाव्या दिवशी मात्र आदल्या रात्री पाहुणे येऊन गेलेले असतात, धाकट्याचं अंग गरम असतं, ऑफिसात साहेबांनी काहीतरी ऐकवलेलं असतं. त्या दिवशी राहून जातं. दुसऱ्या दिवशी वही उघडायची लाज वाटते. तिसऱ्या दिवशी ती कपाटात जाते, आणि तू स्वतःशी म्हणतेस, ‘माझ्यात चिकाटीच नाही.’ बाई गं, एवढं वाक्य मनातून काढून टाक. चिकाटी कुणी जन्माला येताना बरोबर आणत नाही. ती कशी जमते हे पुष्कळ लोकांनी नीट तपासून पाहिलंय, आणि ते कळलं की स्वतःवरचा राग तरी नक्की ओसरतो.

आधी दिवसांचा हिशेब बघ. एकवीस दिवस एखादी गोष्ट केली की तिची सवय लागते, हे तू शंभरदा ऐकलं असशील. या एकवीसचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जननं १९६० साली लिहिलेल्या पुस्तकात आहे. शस्त्रक्रियेनंतर आरशातल्या नव्या चेहऱ्याला सरावायला पेशंटला निदान एकवीस दिवस लागतात, असं त्यांच्या पाहण्यात आलं होतं. पुढे लोकांच्या तोंडी यातलं ‘निदान’ गळून पडलं आणि चेहऱ्याचा हिशेब सगळ्याच सवयींना लागू झाला.

सवयीचे दिवस खरोखर मोजले ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. ९६ जणांनी प्रत्येकी एकच छोटी गोष्ट निवडली. कुणी जेवणाबरोबर एक फळ खायचं ठरवलं, कुणी पाणी प्यायचं, कुणी रात्रीच्या जेवणाआधी पंधरा मिनिटं धावायचं. बारा आठवडे रोज नोंद ठेवली. ती गोष्ट विचार न करता आपसूक व्हायला लागायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाचं १८ दिवसांत जमलं, तर त्या नोंदींवरून काढलेला कुणाचा अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. खाण्यापिण्याच्या साध्या गोष्टी लवकर अंगवळणी पडल्या, व्यायामाला जास्त वेळ लागला. आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं त्यांना दिसलं ते हे, की मधला एखादा दिवस चुकल्यानं सवय जडण्यात फारसा काही फरक पडला नाही.

आता सांग, जे काम मुळात दोन महिन्यांचं किंवा आठ महिन्यांचं आहे, त्याचा निकाल तू दहाव्या दिवशी का लावून टाकतेस? दुधाला विरजण लावल्यावर दर पाच मिनिटांनी झाकण उघडून ‘अजून दही का नाही’ म्हणून तू भांड्यावर चिडत नाहीस. स्वतःलाही तेवढीच उसंत दे.

दुसरी गोष्ट मन लागण्याची. ‘मन लागेल तेव्हा बसेन’ म्हणतेस ना, तिथेच सगळं अडतं. मन आधी लागत नाही, काम सुरू झाल्यावर लागतं. स्वयंपाकाचं मन आहे का, असं तू रोज संध्याकाळी स्वतःला विचारत नाहीस. कांदा चिरायला घेतेस आणि पुढचं होत जातं. नैराश्याच्या उपचारातही अशी एक पद्धत गेली कित्येक वर्षं वापरतात. मन प्रसन्न होईपर्यंत थांबू नका, आधी ठरलेलं एक छोटं काम करा, असं तिथे सांगतात, कारण करण्यामागून उभारी येते. म्हणून अभ्यासाला बसायच्या आधी एखादं जोशपूर्ण भाषण ऐकायची काही गरज नाही. पुस्तक उघडून पहिलं वाक्य वाचलंस की झाली सुरुवात.

पण ते उघडायचं कधी? ‘वेळ मिळेल तेव्हा’ म्हटलंस तर बायकांना वेळ मिळत नाही, हे मी तुला सांगायला नको. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञानं जर्मनीत विद्यार्थ्यांवर एक साधा प्रयोग केला होता. सगळ्यांना नाताळच्या सुट्टीत दोन दिवसांच्या आत एक टिपण लिहून पाठवायला सांगितलं. त्यातल्या काहींना एवढंच जास्तीचं सांगितलं, की तुम्ही ते नेमकं कधी आणि कुठे बसून लिहिणार हे आत्ताच ठरवून कागदावर उतरवा. ज्यांनी वेळ आणि जागा आधी ठरवली, त्यांच्यातल्या बहुतेकांनी टिपण पाठवलं. बाकीच्यांमध्ये निम्म्यांनीही नाही. इच्छा सगळ्यांचीच होती, फरक पडला तो ‘कधी’ आणि ‘कुठे’ या दोन शब्दांनी.

माझ्या ओळखीची एक जण औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असते आणि मुक्त विद्यापीठातून बी.ए. करते. नाशिकचं हे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली सुरू झालं तेच मुळी तुझ्यामाझ्यासारख्या, नोकरी आणि संसारात अडकलेल्यांना घरी राहून शिकता यावं म्हणून. तिच्या गावात नळाला पाणी पहाटे येतं, तेही जेमतेम पाऊण तास. तेव्हा उठावं तर लागतंच. तिनं ठरवलं, मोटारीचं बटण दाबलं की पुस्तक उघडायचं. रात्री ओटा पुसून झाला की ती उद्याचं पान काढते, त्यात पेन्सिल खोचते आणि पुस्तक मोटारीच्या बटणाजवळच्या प्लास्टिकच्या स्टुलावर ठेवून देते. मोबाइल आतल्या खोलीत चार्जिंगला. पहाटे बटण दाबायचं, पुस्तक उचलून त्याच स्टुलावर बसायचं आणि गच्चीवरची टाकी भरून पाणी वाहायचा आवाज आला की वाचणं थांबवायचं, परिच्छेद अर्धा असला तरी. मी तिला विचारलं, अर्धवट सोडून उठवतं कसं? ती म्हणाली, “अर्धवट असतं म्हणूनच दुसऱ्या दिवशी उघडावंसं वाटतं.”

यात थोरपणाची कुठलीच गोष्ट नाही, आणि म्हणूनच ती मला फार आवडते. तिनं रोजच्या ठरलेल्या कामाच्या हातात आपला अभ्यास दिला. तुझ्याकडेही असं एखादं काम असेलच. चहाचं आधण, मुलाला क्लासला सोडून बाहेर थांबायची वेळ, लोकलमधला परतीचा प्रवास. त्यातलं एक निवड आणि त्याला आपली गोष्ट जोडून टाक. जोडताना ती इतकी लहान ठेव, की दमलेल्या दिवशीही नाही म्हणता येऊ नये. दोन पानं. पाच वाक्यं. सोसायटीला एक फेरी. जास्त झालं तर आनंद आहे, पण हिशेब त्या लहान मापाचाच ठेवायचा.

एवढ्याशानं काय होणार, असं मनात आलं तर रमाबाई रानड्यांना आठव. ‘उंच माझा झोका’ ही त्यांच्यावरची मालिका २०१२ साली घराघरात बघितली जायची, त्यामुळे गोष्ट तुला माहीत आहे. पण मला तुला तिचा वेग दाखवायचाय. १८७३ साली लग्न होऊन त्या पुण्याला आल्या तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या आणि त्यांना अक्षरओळखही नव्हती. त्यांच्या यजमानांनी, न्यायमूर्ती रानड्यांनी, घरीच शिकवायला सुरुवात केली. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते मुळीच रुचलं नाही. टोमणे, अबोला, मुद्दाम लादलेली कामं, सगळं झालं. त्यांनी घरात कुणाशी भांडण मांडलं नाही आणि पाटीही सोडली नाही. आधी मराठी, मग इंग्रजी. पुढे त्या सभेत बोलायला लागल्या, मुलींच्या शाळेसाठी उभ्या राहिल्या. १९०१ साली न्यायमूर्ती गेले. त्यानंतर १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं राहिलं, जिथे कितीतरी विधवा आणि गरजू बायका शिक्षिका झाल्या, परिचारिका झाल्या. आणि १९१० साली, जिला एकेकाळी अक्षर येत नव्हतं तिच्या हातचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक मराठीला मिळालं. पहिल्या मुळाक्षरापासून सेवासदनपर्यंत छत्तीस वर्षं. त्या वर्षांतला कुठलाही एक सुटा दिवस उचलून बघितला असता, तर कामाच्या रगाड्यातून काढलेला थोडा अभ्यास आणि थोडं मुकाट्यानं ऐकून घेणं, एवढंच दिसलं असतं.

आता चुकलेल्या दिवसाबद्दल. तो येणार, हे धरूनच चाल. चुकल्यावर आपण स्वतःला जितकं फैलावर घेऊ तितकं सुधारू, असं आपल्याला लहानपणापासून वाटत आलंय. प्रत्यक्षात उलट घडतं. कॅनडातल्या कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलांचा असा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. पहिल्या परीक्षेआधी चालढकल केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला मोठ्या मनानं माफ केलं, त्यांनी दुसऱ्या परीक्षेला कमी चालढकल केली. मला यात नवल वाटत नाही. ज्या वहीकडे बघून अपराधी वाटतं ती वही आपण टाळतोच. तुझ्या मुलीचा एक दिवस अभ्यास राहिला तर तू तिला ‘तुझ्यानं होणारच नाही’ म्हणशील का? ‘असू दे, आज बस’ म्हणशील. तेच स्वतःला म्हण. आणि राहिलेली पानं दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरून काढायचा हट्ट धरू नकोस. त्या दिवसाचं ओझं तिथेच सोड आणि आजची दोन पानं वाच.

एक गोष्ट मात्र मला तुला जरा दटावून सांगायची आहे. ‘अंगात जोरच नाही, काही करावंसंच वाटत नाही’ हे तू म्हणतेस, तेव्हा आधी रक्त तपासून घे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत आपल्या महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये रक्तक्षय आढळला होता. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय, आणि तो वाढला की जिना चढताना धाप लागते, दुपारी डोळे मिटतात, चार ओळी वाचल्या की डोकं जड होतं. त्याला तू आळस म्हणतेस आणि मनाला बोल लावतेस. सगळ्यांना वाढून उरलेलं खायची सवय मोड. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या तर त्या पूर्ण घे. आणि आठवड्यामागून आठवडे झोप उडाली असेल, आवडत्या गोष्टीतही रस उरला नसेल, सारखं रडू येत असेल, तर ते सुविचार वाचून जाणारं दुखणं नाही. डॉक्टरांकडे जा. घरात कुणाशी बोलता येत नसेल तर सरकारच्या ‘टेली मानस’ला १४४१६ वर फोन कर, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. यात लाजण्यासारखं काही नाही, माझ्या शपथेवर सांगते.

घरच्यांचंही बोलून टाकू. ‘त्यांना कळायला हवं’ असं मनात धरून तू वाट बघतेस आणि कुढतेस. न सांगता कुणाला कळत नाही गं. जेवताना सगळ्यांसमोर सांग, ‘साडेनऊ ते दहा मी अभ्यासाला बसणार, तेवढ्यात कुणाला काही लागलं तर आपलं आपण घ्यायचं.’ सुरुवातीला सासूबाई काही बोलतील, नवरा ‘आता या वयात?’ म्हणेल. त्यांना उत्तर देत बसू नकोस. दोन महिने तुला त्या वेळी तिथे बसलेली पाहिली, की घर आपोआप त्या वेळेभोवती वळतं. मुलं तर सगळ्यात आधी शिकतात. आईचंही स्वतःचं काहीतरी असतं, हे बघत वाढलेली मुलगी उद्या स्वतःसाठी वेळ मागताना अडखळणार नाही, आणि मुलगा बायकोला तो वेळ देताना कुरकुरणार नाही.

आणि तुलना सोड. तुझ्या मैत्रिणीचं स्टेटसवर प्रमाणपत्र झळकलं तर तिचं मनापासून अभिनंदन कर आणि आपल्या पानावर ये. तिच्या घरात कोण स्वयंपाक करतं, तिला किती मोकळे तास मिळतात, हे तुला ठाऊक नाही. तुझी बरोबरी महिन्यापूर्वीच्या तुझ्याशी. तेव्हा न कळलेला एखादा धडा आज कळतोय ना, बँकेत इंग्रजी फॉर्म दुसऱ्याला न विचारता भरता येतोय ना? मग तू पुढे आली आहेस.

आता ऐक, आज झोपण्याआधी एवढं कर. एका कागदावर चार गोष्टी लिही. काय करायचं, रोजच्या कुठल्या कामाला जोडून, कुठल्या जागी बसून, आणि दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी काय करणार. चौथ्या ओळीत मोठ्या अक्षरात ‘परत बसणार’ असं लिही. एका वेळी एकच गोष्ट घे, पदवी तर पदवी, चालणं तर चालणं. दहावा दिवस येईल, तेराव्यालाही कदाचित राहून जाईल. तू चौदाव्याला बस. चिकाटी म्हणतात ती हीच, आणि ती तुझ्यात आहे. तू ती इतकी वर्षं सगळ्यांसाठी वापरत आलीस, आता त्यातली रोज दोन पानांपुरती स्वतःसाठी ठेव.