थट्टा कुठे संपते, छळ कुठे सुरू होतो?

सकाळी मुकुंदवाडीच्या गल्ल्यांतून बायका कामाला निघतात. कुणी चिकलठाण्याच्या एमआयडीसीत जाते. कुणी सिडकोत धुणीभांडी करते. कुणी बांधकामावर जाते, कुणी दुकानात उभी राहते. त्यांच्या पगारावर घर चालते, मुलांची फी भरली जाते.

आमच्या रात्रीच्या वर्गात एकदा एक ताई मागे थांबली. बाकीच्या घरी गेल्यावर हळूच म्हणाली, "बाई, एक विचारू का? आमचा सुपरवायझर रोज काहीबाही बोलायलाय. कधी साडीवर, कधी चालण्यावर. सगळे हसतात. मी म्हणलं, असं बोलत जाऊ नका. तर म्हणतो, तुला थट्टा पण कळत नाही का? आता तुम्हीच सांगा, ही थट्टा हाय का दुसरं काही? का सोडून देऊ नोकरी?"

तिचा शेवटचा प्रश्न आम्हाला फार लागला. चूक दुसऱ्याची आणि चूल हिची विझायची, हा कुठला न्याय? म्हणून हा धडा लिहिला आहे. बायांनी तो वाचावाच, पुरुषांनीही वाचावा.

सगळे बोलणे सारखे नसते

कामाच्या जागी माणसे नाना तऱ्हेचे बोलतात. आपण तीन उदाहरणे घेऊ.

मुकादम ओरडतो, "हात चालव, झोपा काढायला आलीस का?" हे बोलणे उद्धट आहे. त्याबद्दल मालकाकडे किंवा युनियनकडे तक्रार करता येते. पण हा लैंगिक छळ नव्हे.

शेजारी काम करणारा माणूस एकदा म्हणतो, "ताई, आज साडी चांगली दिसते," आणि आपल्या कामाला लागतो. हाही छळ नव्हे.

तिसरा माणूस रोज अंगाकडे बघून बोलतो. बाईने नको म्हटले तरी बोलतो. अश्लील विनोद तिला ऐकू जातील असे सांगतो. "माझ्याशी नीट वागलीस तर ओव्हरटाइम देईन," असे सुचवतो. हा मात्र छळ आहे. तो हसत हसत केला म्हणून थट्टा होत नाही.

कायदा काय सांगतो?

हा कायदा सहजासहजी झालेला नाही. राजस्थानात भंवरीदेवी नावाची बाई सरकारी योजनेत साथीण म्हणून काम करीत होती. बालविवाह थांबवणे हे तिचे काम. त्या रागापोटी १९९२ साली तिच्यावर सामूहिक अत्याचार झाला. मग 'विशाखा' आणि इतर संस्था सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १३ ऑगस्ट १९९७ रोजी न्यायालयाने कामाच्या जागेसाठी नियम घालून दिले. पण ते नियम पुष्कळ ठिकाणी कागदावरच राहिले. तेव्हा पुण्याच्या मेधा कोटवाल-लेले यांनी न्यायालयापुढे गाऱ्हाणे नेले. नियम नीट पाळा, असा निकाल २०१२ साली झाला. पुढे २०१३ साली संसदेने कायदाच केला.

या कायद्यात छळाचे पाच प्रकार दिले आहेत.

१. नको असताना अंगाला हात लावणे, लगट करणे.
२. शरीरसुखाची मागणी किंवा विनंती करणे.
३. लैंगिक रोखाचे शेरे मारणे.
४. अश्लील चित्रे किंवा व्हिडिओ दाखवणे.
५. लैंगिक रोखाचे दुसरे कोणतेही नकोसे वागणे. मग ते शब्दांनी असो, हातवाऱ्यांनी असो की नुसत्या नजरेने.

त्याबरोबर कुणी नोकरीतल्या फायद्याचे आमिष दाखवले, कामावरून काढण्याची धमकी दिली, किंवा बाईला तिथे काम करणेच नकोसे करून सोडले, तर तेही कायदा छळात धरतो.

या सगळ्यात एक शब्द नीट ध्यानात ठेवा. तो शब्द म्हणजे 'नकोसे'. बोलणाऱ्याच्या मनात काय होते एवढेच पाहून भागत नाही. जिला ऐकावे लागले तिला ते नको होते का, हेही पाहावे लागते. आणि बाई गप्प राहिली म्हणजे तिला ते आवडले, असे मुळीच नाही. पोटासाठी माणूस पुष्कळ गिळतो.

न्यायालयांनी रेघ कशी ओढली?

२०२५ साली दोन निकाल आले. ते शेजारी शेजारी ठेवून पाहू.

पहिला निकाल मुंबई उच्च न्यायालयाचा, मार्च महिन्यातला. एका बँकेच्या प्रशिक्षणात एक बाई आपले लांब केस सारखे सावरत होती. तिथला अधिकारी म्हणाला, केस सावरायला तुला जेसीबी लागत असेल. शिवाय केसांवरचे एक जुने हिंदी गाणे त्याने गुणगुणले. हे सारे खरे धरले तरी त्याला लैंगिक छळ म्हणता येत नाही, असे न्यायालयाने ठरवले.

दुसरा निकाल केरळ उच्च न्यायालयाचा, जानेवारी महिन्यातला. वीज मंडळातल्या एका कर्मचारी बाईची तक्रार होती, की सहकारी आपल्या शरीराच्या बांध्यावर शेरे मारतो आणि नको ते संदेश पाठवतो. सहकारी म्हणाला, बांध्याची स्तुती केली, त्यात गुन्हा कसला? न्यायालयाने त्याचे ऐकले नाही. अशा शेऱ्याला लैंगिक रोख असू शकतो, असे सांगून खटला रद्द करायला नकार दिला.

यातून आपण काय घ्यायचे? शब्द एकटा तोलला जात नाही. तो कशावर होता, किती वेळा आला, कोणत्या प्रसंगी आला, त्यामागे रोख कोणता होता, हे सारे पाहिले जाते. केसांवरची कोटी छळ ठरली नाही, म्हणून ती शहाणपणाची ठरत नाही. कामावरच्या बाईवर कोट्या करू नयेत हेच बरे.

म्हणून स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. बोलण्याचा किंवा वागण्याचा रोख लैंगिक आहे का? ते मला नकोसे आहे का? त्यामागे नोकरीचे आमिष, धमकी किंवा रोजचा जाच आहे का? पहिल्या दोहोंचे उत्तर 'होय' आले तर गप्प बसू नये. तिसऱ्याचेही 'होय' आले तर एक दिवसही थांबू नये.

दाद कुठे मागायची?

जिथे दहा किंवा अधिक माणसे काम करतात, तिथे मालकाने 'अंतर्गत समिती' नेमलीच पाहिजे. तिची अध्यक्ष बाई असते. निम्म्या तरी सभासद बाया असतात. एक सभासद बाहेरच्या संस्थेचा असतो. समिती नेमली नाही, तर मालकाला ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

दहापेक्षा कमी माणसे असली, किंवा खुद्द मालकाविरुद्धच तक्रार असली, तर जिल्ह्याच्या 'स्थानिक समिती'कडे जावे. घरकाम करणाऱ्या बायांनाही तिथेच दाद मिळते, कारण ज्या घरात त्या काम करतात ते घर म्हणजे त्यांची कामाची जागाच होय. समितीचा पत्ता जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात विचारावा.

ठेक्यावरची, रोजंदारीची, शिकाऊ, अशा सगळ्यांना हा कायदा लागू आहे. कंपनीच्या गाडीत छळ झाला, तरी तो कामाच्या जागीच झाला असे धरतात.

तक्रार लेखी द्यावी. शेवटचा प्रसंग घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत द्यावी. उशिराचे कारण पटले तर समिती आणखी तीन महिने मुदत वाढवू शकते. लिहिता येत नसेल, तर समितीने लिहायला मदत केली पाहिजे. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. चौकशी चालू असताना आपली किंवा त्याची बदली मागता येते, तीन महिन्यांपर्यंत रजाही मागता येते. तक्रार सिद्ध झाली नाही, एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही.

पोलिसांतही जाता येते. भारतीय न्याय संहितेचे कलम ७५ याचसाठी आहे. लैंगिक शेऱ्याला एक वर्षापर्यंत, तर अंगाला हात लावल्यास तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. अडचणीत १८१ किंवा ११२ वर फोन करावा.

पुरुषांना दोन शब्द

भाऊ, बायांशी बोलूच नये असे आम्ही म्हणत नाही. जे बोलणे आपल्या बहिणीला कुणी कामावर ऐकवले तर तुम्हाला खपणार नाही, ते तुम्हीही बोलू नका. कुणी "असं बोलू नका" म्हणाली, तर तिथेच थांबा. आणि दुसरा कुणी बोलत असेल, तर हसू नका. तुमच्या हसण्याने त्याला जोर चढतो.

त्या ताईचे काय झाले?

आम्ही तिला सांगितले, नोकरी सोडू नको, वही घाल. काय बोलला, कोणत्या तारखेला, कोण कोण हजर होते, एवढेच रोज लिहायचे. जिने नुकतीच अक्षरे जुळवायला घेतली होती, तिने तारखा घालून दोन पाने भरली. पुढे अर्ज लिहिला. खाली अंगठा न उठवता सही केली.

चौकशीत काय झाले ते आम्ही सांगणार नाही. समितीपुढची गोष्ट बाहेर बोलायची नाही, असे कायदाच सांगतो. एवढे मात्र सांगतो, की त्या दिवशी वर्गात ती सर्वांत पुढे बसली होती.

आता सांगा

१. मुकादमाचे ओरडणे आणि लैंगिक छळ यांत फरक काय?
२. 'नकोसे' हा शब्द का महत्त्वाचा आहे?
३. घरकाम करणाऱ्या बाईने तक्रार कुठे द्यावी?
४. वहीत एखाद्या प्रसंगाची नोंद कशी कराल? तारीख घालून चार ओळी लिहून दाखवा.