'मूनलाइट'चं पेडल : लिहिलेलं आणि वाजवलेलं

"कागदावर लिहिलंय तसं वाजवलं नाही तर परीक्षेत मार्क जातील का?" हा प्रश्न पियानो शिकणारी मुलं हमखास विचारतात. यासाठी बेथोव्हेनचा 'मूनलाइट' सोनाटा (१८०१) घेऊ.

पहिल्या भागाच्या सुरुवातीलाच त्याने लिहिलंय, की हा सगळा भाग अत्यंत नाजूकपणे आणि डँपरशिवाय वाजवावा. डँपर म्हणजे तारेवर टेकून आवाज थांबवणारी गादी. उजवं पेडल दाबलं की सगळे डँपर उचलले जातात आणि स्वर घुमत राहतात. म्हणजे शब्दशः पाळायचं तर पेडल शेवटपर्यंत सोडायचंच नाही! त्या काळच्या पियानोवर स्वर लवकर विरायचा, त्यामुळे ते जमून जायचं. आजच्या पियानोवर स्वर बराच टिकतो. मागचं पुढच्यात मिसळून सगळं गढूळ होतं. म्हणून बहुतेक वादक स्वरसंगती बदलली की पेडलही बदलतात. मला ही आज्ञाभंगापेक्षा आज्ञेची काळजीच वाटते. आंद्राश शिफ मात्र पेडल दाबून ठेवतात. तेही ऐका, धुक्यातून ऐकल्यासारखं वाटतं.

खरी मनमानी होते ती लयीत. भाग संथ आहे खरा, पण चिन्ह सांगतं की बारमध्ये चार नव्हे, दोनच ठोके मोजा. तरी तो रेंगाळत वाजवतात. बहुधा त्या चांदण्याच्या नावामुळे. आणि ते नाव बेथोव्हेनचं नाहीच, त्याच्यानंतर चिकटलेलं.

पहिले चार बार आधी पेडल न सोडता वाजवा, मग बदलत. कुठे गढूळ झालं, तिथे पेन्सिलने खूण करून आणा.