जुन्या घराची डागडुजी व गृहसौख्य

'लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून' ही म्हण आपल्यात सर्वतोमुखी आहे. ज्याने ती प्रथम उच्चारली त्याने राहत्या घराची दुरुस्ती कधी केली नसावी. नाही तर तिला तिसरा चरण जोडल्यावाचून तो राहता ना. नवे घर बांधणारा गृहस्थ रात्री जुन्या घरात स्वस्थ झोपतो व सकाळी जाऊन काम पाहून येतो. दुरुस्ती काढणारा मात्र त्या कामाच्या पोटातच राहतो. चूल तेथेच, मुलांचा अभ्यास तेथेच, अंथरुणावरचे वडील माणूस तेथेच, आणि सिमेंटची पोतीही तेथेच. त्यातून निम्मे काम स्वतःच्या हातांनी करावयाचे असा संकल्प असेल, तर दिवसभर कचेरी आणि रात्री थापी असा क्रम सुरू होतो. तिसऱ्या आठवड्यात त्या घरी कोणी कोणाशी सरळ बोलत नाही.

आपल्या सभासदांपैकी पुष्कळ कुटुंबांची घरे दोन-तीन पिढ्यांपूर्वीची आहेत. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील आपल्या जुन्या वस्त्यांतली घरे विटा, चुना व सागवानी लाकूड यांची आहेत. प्रत्यक्ष इंदूरचा राजवाडा तरी कशाचा? खालचे तीन मजले दगडाचे व वरचे चार लाकूडकामाचे. अशा घरांची दुरुस्ती कशी करावी हा गवंड्याचा व सुताराचा विषय होय, हे आम्हांस मान्य आहे. परंतु ती करताना घरातील शांतता व माणसांचे हातपाय कसे शाबूत ठेवावे, हा प्रत्येक गृहस्थाचा विषय आहे, आणि त्याचाच विचार या पाठात करावयाचा आहे.

आमचे मत असे की, दुरुस्तीच्या मनस्तापात धूळ व खर्च यांचा वाटा थोडा असून घाईचा वाटा फार मोठा आहे. प्रत्येक पदार्थाला सुकण्याचा, मुरण्याचा, घट्ट होण्याचा स्वतःचा काळ असतो. तो काळ आपण देत नाही आणि मग भिंतीवर रागावतो. हल्ली मोबाइलच्या पडद्यावर दहा मिनिटांत खोली रंगवून होते. पुट्टी वाळण्यासाठी गेलेला दिवस त्या चित्रफितीतून कापून टाकलेला असतो, हे तरुण मंडळींच्या ध्यानात राहत नाही.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे भिंतीची ओल. दिवाळीपूर्वी घर रंगविण्याची आपली चाल जुनी आहे, आणि ज्या काळी ती पडली त्या काळी ती शहाणपणाची होती. तेव्हा रंग म्हणजे चुन्याची सफेती. पावसाळा संपून महिनाच झालेला, भिंतीत ओल अजून शिल्लक. पण सफेतीला त्याचे काही वाटत नसे. भिंत आधी पाण्याने भिजवूनच ती देतात. चुना भिंतीचा श्वास कोंडीत नाही. आतली वाफ त्यातून बाहेर पडते, आणि चुना स्वतः हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा दगडासारखा होतो. पुढे सफेती गेली, तिच्या जागी तैलरंग व नंतर प्लॅस्टिकचे रंग आले. दिवाळीची तारीख मात्र आम्ही तीच ठेवली. ओल्या भिंतीवर चकचकीत पडदा चढवावयाचा आणि माघात तो पापुद्रे धरून सुटू लागला की रंगाऱ्याला दोष द्यावयाचा, हा प्रकार घरोघर चालला आहे. शिवाय त्याच पंधरा दिवसांत साऱ्या गावाला रंगारी हवा असतो, म्हणून मिळेल त्याच्या पुढे हात जोडावे लागतात ते वेगळेच.

रंगाखालच्या गिलाव्याची गोष्ट याहून गंभीर आहे. पोर्टलंड सिमेंटचे पेटंट जोसेफ अ‍ॅस्पडिन याने इंग्लंडात १८२४ साली घेतले, आणि आपल्या देशात सिमेंटचे नियमित उत्पादन १९१४ साली पोरबंदर येथे सुरू झाले. नव्या काँक्रीटच्या इमारतीस सिमेंट योग्यच; परंतु चुन्यात बांधलेल्या मऊ विटांच्या भिंतीवर त्याचा गिलावा म्हणजे अंगावर न उतरणारे चिलखत. जमिनीतून चढलेली ओल पूर्वी चुन्यातून उडून जात असे. ती आता कोंडली जाते व आणखी वर चढते. तिच्याबरोबर आलेले क्षार गिलाव्याच्या मागे स्फटिक होऊन साचतात आणि विटेचा भुगा करतात. यालाच आपण लोणा लागणे म्हणतो. गृहस्थ पोपडा काढतो, आणखी घट्ट सिमेंट भरतो, आणि दोन वर्षांनी तोच पोपडा हातभर वर दिसतो. तीन-तीन वेळा असे करून थकलेली कुटुंबे आमच्या पाहण्यात आहेत.

म्हणून हात लावण्यापूर्वी ओल येते कोठून ते पाहावे. पावसानंतर वाढते व उन्हाळ्यात ओसरते ती बहुधा छपराची, पन्हळीची किंवा भिंतीच्या भेगेची. बारा महिने एकाच ठिकाणी राहते ती नळाची किंवा मोरीची समजावी. पायापासून सारखी चढून कमरेच्या आसपास थांबते व वरच्या कडेला पांढरी रेघ सोडते ती जमिनीची. याशिवाय एक सोपी परीक्षा आहे. हातभर लांबरुंद प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट बसवावा व दोन दिवसांनी पाहावा. कागदाच्या आतल्या बाजूस पाणी दिसले तर ओल भिंतीत आहे. बाहेरच्या बाजूस दिसले तर ती खोलीतल्या दमट हवेची आहे, आणि तिला गवंडी नको, खिडकी उघडी हवी. ही परीक्षा केल्यावाचून गिलावा फोडू नये.

ओलीचे मूळ बंद केल्यावर भिंत वाळण्यास किती दिवस लागतात? जुनी बांधकामे सांभाळणारे जाणकार ढोबळ हिशेब असा सांगतात की भिंतीच्या जाडीच्या दर इंचास एक महिना. म्हणजे दीड फूट जाडीच्या भिंतीस दीड वर्ष. हा आकडा ऐकून वाचकांस धक्का बसेल. पण तो कामाला आरंभ करण्यापूर्वी ऐकलेला बरा. तोवर सिमेंट काढून भिंत उघडी ठेवावी, पाहुण्यांनी पाहिली तर पाहू द्यावी, आणि मग चुन्याचाच गिलावा करावा. चुना जाणणारे गवंडी आता विरळ झाले आहेत. एखादा वृद्ध कारागीर हयात असेल तर त्याच्या हाताखाली मुलांना दोन दिवस उभे करावे.

चुना स्वतः विरविण्याचा उत्साह ज्यांना येतो त्यांस एक सूचना. कळीच्या चुन्यावर पाणी पडताच तो उकळू लागतो व त्याचे शिंतोडे उडतात. डोळ्यांत गेलेला थेंब दृष्टी नेऊ शकतो. चष्मा घातल्यावाचून जवळ जाऊ नये, आणि मुलांनी तर अंगणातही थांबू नये. सिमेंटही उघड्या हातांनी कालवू नये. ओल्या सिमेंटने कातडी भाजते, व ते पुष्कळदा दुसऱ्या दिवशी कळते.

आता ज्या गोष्टीविषयी आम्हांस सर्वांत अधिक काळजी वाटते ती सांगतो. जुना रंग खरवडण्याचे काम सोपे व स्वस्त म्हणून घरची मंडळी प्रथम तेच हाती घेतात. सुटीच्या दिवशी बाप दार घासतो आणि लहान मूल खाली पडलेल्या रंगीत भुकटीत खेळते. त्या भुकटीत शिसे असण्याचा पुष्कळ संभव आहे. पूर्वी तैलरंगांत शिशाची संयुगे सर्रास घालीत. लोखंडी गजांना गंज लागू नये म्हणून जो शेंदरी अस्तर रंग देत तो पुष्कळदा शिशाच्या ऑक्साइडचा असे. खुद्द शेंदूर म्हणजे तरी तेच. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक असू नये असा नियम २०१६ साली झाला व १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. त्याआधी रंगविलेल्या प्रत्येक दार-खिडकीकडे संशयानेच पाहावे. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीस अपाय करते, आणि झालेली हानी भरून येत नाही. तेव्हा असा रंग कोरडा घासू नये व जाळूनही काढू नये. पाणी शिंपडून ओला खरवडावा, खाली कागद पसरावा, केरसुणी न वापरता ओल्या फडक्याने पुसावे, आणि ते काम संपून खोली पुसून होईपर्यंत मुले व गरोदर स्त्रिया यांस दुसऱ्या घरी ठेवावे. जुना रंग घट्ट असेल तर तो न काढता त्यावरच नवा देणे हे अनेकदा अधिक शहाणपणाचे ठरते. सिमेंटचे जुने पत्रे घरी कापणे किंवा त्यांस कोरडी भोके पाडणे हेही याच कारणासाठी टाळावे. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात व ते फुप्फुसांत जाऊन बसतात.

स्वतः कोणती कामे करावी, याविषयी मतभेद होतील. आमच्या मते चुकल्यास पुन्हा करता येते ते काम घरच्या माणसाने अवश्य करावे: सफेती, बिजागऱ्या, कड्याकोयंडे, फळ्या, मोडके गज. त्यात आनंद आहे, व मुलांस हातोडा धरता येऊ लागतो. चुकल्यास माणूस जातो ते काम करू नये. विजेची जोडणी त्यात पहिली. जुन्या घरांत अर्थिंगची तार नसते, आणि लाकडी पट्ट्यांवरच्या तारांचे आवरण हात लावताच गळून पडते. तेथे परवानाधारक माणूसच बोलवावा, आणि तो आला आहे तोच ३० मिलिअँपिअरवर वीज तोडणारा आर.सी.सी.बी. बसवून घ्यावा. भिंत काढून दोन खोल्यांची एक करणे, खांब हलविणे, तुळईला खाच पाडणे ही कामे अभियंत्यास दाखविल्यावाचून कोणी सुचवू सुद्धा नयेत. जुन्या वाड्यात कोणत्या खांबावर कोणती तुळई विसावली आहे हे बाहेरून दिसत नाही.

शिडीविषयी थोडेसे. खाटेवर स्टूल व स्टुलावर गृहस्थ हे दृश्य आपल्याकडे थट्टेचा विषय आहे. कंबर मोडल्यावर ते तसे राहत नाही. शिडी भिंतीला जेवढ्या उंचीवर टेकली असेल त्याच्या चौथ्या हिश्श्याएवढे तिचे पाय भिंतीपासून दूर असावे. १२ फुटांवर टेकली तर ३ फूट. खाली एक माणूस धरून उभा असावा, आणि त्याने फोन पाहू नये.

आता घरातील शांततेकडे वळू. देवालयाचा जीर्णोद्धार करताना आपल्याकडे एक पद्धत पाळतात. कामाला हात लावण्यापूर्वी देवतेचे तत्त्व विधिपूर्वक कलशात घेतात, आणि काम चालू असेतो पूजाअर्चा दुसऱ्या लहानशा स्थानी चालू ठेवतात. धर्मदृष्ट्या त्याचा अर्थ काय तो शास्त्री सांगतील; व्यवहारात त्याचा अर्थ एवढाच की, नित्यकर्म कोठे चालेल हे ठरल्यावाचून पहिली कुदळ पडत नाही. घरी आपण नेमके उलटे करतो. ओटा फोडल्यावर गृहिणीला विचारतो, 'आज स्वयंपाक कोठे करशील?' तिने दिलेले उत्तर मग वर्षभर ऐकावे लागते. प्रथम स्वयंपाकाची, पाण्याची व झोपण्याची दुसरी जागा लावावी. देवघर हलवावे. आजीची खाट शेवटच्या खोलीत न्यावी व त्या खोलीचे काम सर्वांत मागून करावे. एक खोली पुरी होऊन तीत माणसे राहू लागल्यावरच दुसरी उघडावी. सगळे घर एकदम उघडले की कोठेही बसावयास जागा उरत नाही, आणि उभ्या माणसांची भांडणे लवकर होतात.

पैशाचेही तसेच. जुनी भिंत उघडल्यावर आत काय निघेल हे कोणी सांगू शकत नाही; वाळवीने आतून पोखरलेला वासा वरून चांगला दिसतो. म्हणून अंदाजपत्रकाच्या चौथा हिस्सा रक्कम बाजूला ठेवून मगच आरंभ करावा, आणि रंगाची छटा, फरशीचे नक्षीकाम यांसाठी तिला हात लावू नये. जेथे मोजमाप निश्चित आहे ते काम उक्ते द्यावे. जेथे पोटात काय आहे ते माहीत नाही ते रोजंदारीवर करवावे. उक्त्या कामात गवंडी घाई करतो, रोजंदारीत तो विडी ओढतो. दोहोंतून निवड करणे भाग आहे, आणि जुन्या भिंतीसाठी आम्ही विडी पत्करू.

कामाचे पंचांग असे धरावे: श्रावण-भाद्रपदात ओल कोठे येते त्याची नोंद, दसऱ्यानंतर थंडीत चुन्याचे गिलावे, कौले व पन्हळी चैत्र-वैशाखात, मृग लागण्यापूर्वी. माळव्याच्या उन्हाळ्यात सिमेंटचे काम निघालेच तर त्यावर ओले गोणपाट टाकून निदान सात दिवस पाणी मारावे. हे पाणी मारणे मुलांस सोपवावे. ते आनंदाने करतात व विसरतात, म्हणून संध्याकाळी मोठ्यांनी एकदा भिंतीला हात लावून पाहावा.

भिंती व जमीन उघड्या असतील त्या दिवशी एक वही करावी. नळ कोठून गेला, तार कोठून गेली, दारापासून किती फुटांवर व जमिनीपासून किती उंचीवर, ते आकृती काढून लिहावे व छायाचित्रे घ्यावी. चुन्यात काय काय घातले व कोणत्या कारागिराने काम केले तेही लिहावे. ती वही घराच्या खरेदीखताबरोबर ठेवावी. पुढे जो कोणी त्या भिंतीत खिळा मारील त्याच्या ती उपयोगी पडेल.